पिछाडीचा नवा गडी आणि त्याचे परीक्षक

ग्रंथाचें परीक्षण लिहिणारास निदान ग्रंथाचीं पानें तरी उलटावीं लागतात. खेळाडूचें परीक्षण करणारास तेवढेहि श्रम पडत नाहींत. रात्रीं उशिरां परदेशांतील फुटबॉलचा एखादा सामना दूरचित्रवाणीवर किंवा हातांतल्या फोनवर पाहावा, आणि सकाळीं चंद्रपूरच्या, बल्लारपूरच्या किंवा वडशाच्या चहाच्या टपरीवर निकाल देऊन मोकळें व्हावें, कीं अमक्या संघानें आणलेला नवा बॅक कांहीं चालायचा नाहीं. निकाल देणारा बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा असतो. वर्गांत 'टीका' हा शब्द उच्चारतांच ज्याला जांभई येते, तोच हा विद्यार्थी त्या बिचाऱ्या बॅकच्या गुणदोषांवर पाऊण तास अस्खलित बोलतो, प्रतिपक्षाचें खंडन करतो, जुन्या खेळाडूंचे दाखले देतो. ही टीका नव्हे असें कोण म्हणेल? आणि टीका असेल, तर तिला टीकेचेच नियम लावून पाहण्यास आम्हांस कोणाची परवानगी काढण्याचें कारण नाहीं.

नव्या खेळाडूविषयींचें मत कसें बनतें, हें पाहण्यासारखें आहे. आघाडीचा गडी नवा आला म्हणजे प्रेक्षक त्याला उधारीवर माल देतात. चार वेळां त्यानें चेंडू गोलाबाहेर मारला तरी 'अजून रुळावयाचा आहे' म्हणून त्याची पाठराखण होते, आणि पांचव्या वेळीं गोल झाला कीं मागचें सर्व देणें फिटतें. पिछाडीच्या गड्याचें खातें याच्या अगदीं उलट चालतें. चाळीस वेळां त्यानें प्रतिपक्षाची वाट अडविली तरी जमेच्या बाजूस कांहीं पडत नाहीं. एकदां पाय घसरला कीं दिवाळें निघालें. यावर, प्रेक्षक निष्ठुर असतात अशी तक्रार नेहमीं केली जाते. आम्हांस ती पटत नाहीं. प्रेक्षक निष्ठुर नसतात. ते भलत्या जागीं पाहत असतात. बॅकचें काम जेथें नसतें तेथें ते तें शोधतात, आणि तेथें तें सांपडलें नाहीं म्हणजे तें झालेंच नाहीं असें धरून चालतात.

बॅकचें काम म्हणजे कांहीं तरी न घडूं देणें. न घडलेली गोष्ट डोळ्यांस दिसावी कशी, हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण आमच्या या दोन जंगली जिल्ह्यांतील माणसास तो परका वाटूं नये. उन्हाळा तोंडाशीं आला म्हणजे वनरक्षक आणि त्याच्या हाताखालचे मजूर जंगलांत जाळरेषा काढतात. ठराविक रुंदीच्या पट्ट्यांतील गवत आणि पालापाचोळा आपण होऊनच जाळून टाकावयाचा, म्हणजे पुढें मोहफुलें वेंचणाऱ्या कोणी झाडाखालचा पाला पेटविला किंवा वाटसराच्या विडीची ठिणगी पडली, तरी आग त्या उघड्या पट्ट्याशीं येऊन थांबावी. ज्या वर्षीं जाळरेषा नीट निघाली त्या वर्षीं त्या टापूंत कांहींच घडत नाहीं. वर्तमानपत्रांत बातमी येत नाहीं, वनरक्षकाचें छायाचित्र छापलें जात नाहीं. जेथें वणवा पेटला तेथें मात्र चौकशी होते, आणि मग त्याच माणसाचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. धानाच्या बांधावर मचाण घालून रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याचेंहि तेंच. रानडुकरांचा कळप त्याच्या आरोळ्या आणि डबा बडविल्याचा आवाज ऐकून बांधावरूनच परतला, हें सकाळीं कोणाला दिसणार? दिसतें तें उभें पीक. आणि उभें पीक हें जागल्याचें काम आहे असें म्हणणारा माणूस एक तर स्वतः कधीं जागलीवर गेलेला असतो, नाहीं तर त्याच्या घरांतला असतो.

बॅक हा मैदानावरचा जागल्या आहे. त्याची पारख जागल गेलेल्यालाच होते असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर कवितेची पारख फक्त कवींनीं करावी असें म्हणावें लागेल, आणि मग या मासिकाचा निम्मा मजकूर बंद होईल.

इकडील गांवोगांवच्या प्रेक्षकांना खेळ कळत नाहीं, असें म्हणण्याचें धाडसहि आम्ही करणार नाहीं. धान घरांत आल्यावर खेड्यापाड्यांतून कबड्डीचे सामने होतात, आणि तेथें कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गड्याची पारख म्हातारीं माणसेंहि अचूक करतात. चढाई करणाराचा घोटा धरण्यास तो लवकर झेपावला कीं उशिरां, साखळींतल्या जोडीदारानें त्याला वेळेवर साथ दिली कीं नाहीं, तो फसला कीं त्याला फसविलें, हें सर्व त्यांना दिसतें. याचें कारण उघड आहे. कबड्डींत पकड झाली कीं गुण मिळतो. चढाईचा गुण आणि पकडीचा गुण एकाच फळ्यावर, एकाच खडूनें लिहिला जातो, आणि प्रेक्षकाची दृष्टि बव्हंशीं फळ्यानेंच घडविली जाते. फुटबॉलच्या फळ्यावर अडविलेल्या चेंडूला जागा नाहीं. तेथें फक्त गोल लिहितात. ज्या गांवांत कबड्डीच्या कोपरारक्षकाची वाहवा होते, त्याच गांवांतल्या फुटबॉलच्या बॅकला कोणी ओळखूं नये, यांत गांवाचा दोष थोडा आणि फळ्याचा अधिक आहे.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. २०१९ सालीं भारताच्या राष्ट्रीय संघाच्या बचावफळींत एकाच वेळीं तीन गडी मुंबई-गोव्याचे होते: मुंबईचा राहुल भेके, आणि गोव्याचे आदिल खान व मंदार राव देसाई. पैकीं भेके याची कथा विशेष बोलकी आहे. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं मुंबईंत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बंगळूर आणि गोवा या संघांत झाला. नव्वद मिनिटें गोल नाहीं, जादा वेळ संपत आली तरी गोल नाहीं. आणि अगदीं शेवटीं कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर बंगळूरच्या भेके यानें डोक्यानें गोल केला. तेवढ्या एका गोलानें बंगळूरनें अजिंक्यपद मिळविलें, आणि भेके याचें नांव एका रात्रींत देशभर झालें. आम्हांस विचारावेंसें वाटतें, कीं भेके हा बॅक होता ना? त्या हंगामांत सर्वाधिक गोल करणारा संघ गोव्याचा. त्या संघाला जवळ जवळ दोन तास एकहि गोल करूं न देणाऱ्या फळींत हा गडी उभा होता. त्याबद्दल त्याचें नांव कां झालें नाहीं?

असें पुष्कळदां होतें. बॅकची कीर्ति आघाडीच्या गड्याच्या नाण्यांत मोजली जाते. १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना भारतानें दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ असा जिंकला, त्यांत जर्नेलसिंगनें केलेला गोल आजहि सांगितला जातो. हा जर्नेलसिंग मूळचा बॅक, आणि बॅक म्हणून आशियांत त्याला तोड नव्हती. आधींच्या एका सामन्यांत डोक्याला जखम झाल्यामुळें त्याला त्या दिवशीं आघाडीवर खेळविलें, आणि लोकांनीं लक्षांत ठेविला तो त्याच्या खऱ्या धंद्याबाहेरचा हा एक दिवस!

भेके याच्याकडे पुनः वळूं. मार्चमधल्या त्या गोलानंतर ५ जून २०१९ रोजीं थायलंडमधील बुरीराम येथें, किंग्ज कप स्पर्धेंत कुरासाओ या संघाविरुद्ध तो भारताकडून पहिल्यानें खेळला. नवे प्रशिक्षक इगोर श्टीमाट्स यांचाहि तो पहिलाच सामना. भारत १-३ असा हरला. नव्या बॅकची पहिली परीक्षा, आणि फळ्यावर तीन गोल! 'क्लबांत चालतो, देशासाठीं नाहीं' हा शेरा अशा वेळीं प्रेक्षकाच्या ओठांवर तयारच असतो. पण ज्यांना फळा नीट वाचावयाचा आहे त्यांनीं एवढें तरी पाहावें, कीं ते तिन्ही गोल पूर्वार्धांत, साधारण वीस मिनिटांच्या अवधींत झाले. उत्तरार्धांत एकहि झाला नाहीं. जी फळी मध्यंतरापूर्वीं तीनदां फुटली ती मध्यंतरानंतर कां फुटली नाहीं, हा प्रश्न पराभवाच्या बातमीच्या खालीं दडपला गेला.

यानंतर तीनच महिन्यांनीं, १० सप्टेंबर रोजीं, विश्वचषकाच्या पात्रताफेरींत भारताचा सामना दोहा येथें कतारशीं पडला. कतार त्याच वर्षीं आशियाचें विजेतें ठरलेलें. भारताचा कर्णधार सुनील छेत्री आजारी. पिछाडीस भेके, संदेश झिंगन, आदिल खान आणि मंदार राव देसाई. सामना गोलशून्य बरोबरींत सुटला, आणि दुसऱ्या दिवशीं सर्वतोमुखीं एकच नांव होतें: गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू. गुरप्रीतनें त्या रात्रीं केलें तें खरोखर अलौकिक होतें. त्याच्या स्तुतींतलें एक अक्षरहि आम्ही कमी करणार नाहीं. पण गोलरक्षकाच्या हातांत येणाऱ्या चेंडूची वाट त्याच्या आधींच कोणी तरी अरुंद करून ठेविलेली असते. जवळून, समोरून, मोकळेपणीं मारलेला चेंडू जगांतला कोणताहि गोलरक्षक नेहमीं अडवूं शकत नाहीं. कडेनें, दुरून, घाईनें मारलेला अडवितां येतो. मारणाराला कडेला नेणारा, दूर ठेवणारा, घाईंत पाडणारा तो बॅक. जूनमध्यें ज्याला तिघांच्या वाट्याचा दोष मिळाला, त्याला सप्टेंबरमध्यें चौघांच्या वाट्याचें श्रेयहि मिळालें नाहीं.

आणि मग १५ ऑक्टोबरचा कलकत्त्याचा सामना. प्रतिपक्ष बांगलादेश, सॉल्ट लेकचें मैदान माणसांनीं फुललेलें, आणि भारत पूर्वार्धांतच एका गोलानें मागें पडलेला. उत्तरार्धांत बांगलादेशच्या गड्यानें पुढें आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू टाकला. तो रेषा ओलांडणार तोंच आदिल खाननें धांवत येऊन तो गोलरेषेवरून परतविला. पुढें ८८ व्या मिनिटाला, कॉर्नरवर, त्याच आदिल खाननें डोक्यानें गोल करून बरोबरी साधली. एकाच गड्याच्या या दोन कृत्यांचें मोल गणिताच्या दृष्टीनें तंतोतंत सारखें आहे: प्रत्येकीं एक गोल. पण दुसरें कृत्य फळ्यावर गेलें, मथळ्यांत गेलें, इतिहासांत गेलें. पहिलें, सामना पाहिलेल्यांच्या आठवणींत असलें तर आहे. प्रेक्षकांच्या रसिकतेची याहून सोपी परीक्षा आम्हांस सुचत नाहीं. आदिल खानचें नांव काढावें, आणि समोरचा गृहस्थ दोहोंपैकीं आधीं काय सांगतो तें ऐकावें.

भेके याच्या बाबतींत तर नशिबानेंहि थट्टाच मांडलेली दिसते. एप्रिल २०२२ मध्यें रियाध येथें मुंबई सिटी संघानें इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असें हरविलें, आणि आशियाई चँपियन्स लीगमध्यें भारतीय क्लबाचा तो पहिला विजय ठरला. विजयाचा गोल कोणाचा? पुनः भेके याचाच, आणि पुनः डोक्यानें! आतां हा गडी दोन गोलांनीं ओळखला जाणार, आणि त्यानें न होऊं दिलेले किती, हें कोणी विचारणार नाहीं.

मग चूक प्रेक्षकाच्या बुद्धींत आहे काय? आमच्या मतें ती निम्म्याहून अधिक त्याच्या खिडकींत आहे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागें धांवतो. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलाजवळ असतो तेव्हां आपला बॅक पडद्याच्या चौकटींतच नसतो. आणि त्याचें निम्में काम तेव्हांच चाललेलें असतें. तो मान वळवून आपल्या पाठीशीं कोण उभें आहे तें पाहतो, चार पावलें डावीकडे सरकतो, जोडीदाराला हांक मारून पुढें येण्यास सांगतो. मग चेंडू हिसकावला जातो, लांब मारला जातो, कॅमेरा धांवत इकडे येतो, आणि प्रेक्षकाला दिसतें तें इतकेंच, कीं चेंडू आला तेथें बॅक उभा होता. जणूं तो सुदैवानेंच तेथें होता! कादंबरीचें पहिलें प्रकरण गळालेली प्रत वाचून नायकाच्या स्वभावावर अभिप्राय देण्यासारखें हें आहे. उलट त्याच्याकडून चूक झाली, तर ती मात्र चौकटीच्या मधोमध होते, आणि पुनःपुनः संथ गतीनें दाखविली जाते.

त्यांतहि नव्या गड्याची अडचण निराळी. ऑफसाइडची रेषा चौघांनीं मिळून राखावयाची असते. पहिल्यानें अर्धें पाऊल मागें राहून ती मोडली, म्हणजे प्रतिपक्षाचा गडी दुसऱ्याच्या बाजूनें मोकळा सुटतो. त्याला गांठण्यासाठीं जिवाच्या आकांतानें धांवतो तो तिसरा. आणि पडद्यावर हरलेला दिसतो तो हा तिसरा. नवा गडी पुष्कळदां तिसराच असतो, कारण जुन्या तिघांच्या खाणाखुणा त्याला अजून उमगावयाच्या असतात. एकत्र कुटुंबांत नव्यानें आलेल्या सुनेच्या हातून दूध उतूं जातें तें कांहीं तिला दूध तापवितां येत नाहीं म्हणून नव्हे. चूल कोण कधीं सारतें हें तिला कोणीं सांगितलेलें नसतें.

इंग्लंडांतील दाखले आमच्या विद्यार्थ्यांना अधिक मानवतात, म्हणून तेहि देतों. जानेवारी २००६ मध्यें मँचेस्टर युनायटेडनें पात्रिस एव्रा आणि नेमान्या विदिच हे दोन बॅक आणले. १४ जानेवारीला सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यांत एव्राची इतकी त्रेधा उडाली, कीं मध्यंतरालाच त्याला बाहेर बसविलें. संघ ३-१ असा हरला. विदिचचेहि पहिले महिने यथातथाच गेले. पुढें २००७ ते २००९ अशीं ओळीनें तीन वर्षें लीग आणि २००८ सालीं युरोपचें अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाच्या पिछाडीचे हेच दोन खांब होते. जुलै २०२२ मध्यें त्याच संघांत आलेल्या लिसांद्रो मार्तिनेझचा गुन्हा तर त्याच्या पायांचा नव्हता, उंचीचा होता. पावणेसहा फुटांचा बॅक! ब्रेंटफर्डनें ४-० असा धुव्वा उडविला, मार्तिनेझला मध्यंतराला बाहेर काढलें, आणि मोजपट्टी घेऊन बसलेल्यांचें समाधान झालें. नवव्या दिवशीं लिव्हरपूलविरुद्ध त्याच गड्यानें पिछाडी सांभाळली आणि संघ २-१ असा जिंकला; त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो विश्वविजेत्या आर्जेंटिनाच्या चमूंत होता. उंची मोजतां येते म्हणून मोजावयाची, आणि अदमास मोजतां येत नाहीं म्हणून तो नाहींच म्हणावयाचें! वृत्तें मोजून कविता तोलणाऱ्या आमच्या कांहीं व्यवसायबंधूंची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण व्हर्जिल व्हॅन डाइकचें. साडेसात कोटि पौंड मोजून लिव्हरपूलनें त्याला घेतला, आणि ५ जानेवारी २०१८ रोजीं पहिल्याच सामन्यांत एव्हर्टनविरुद्ध त्यानें डोक्यानें विजयाचा गोल केला. प्रेक्षकांनीं त्याच रात्रीं त्याला डोक्यावर घेतलें. तो पुढें खरोखरच थोर बॅक ठरला, तेव्हां निकाल बरोबर होता. पण त्या रात्रीं निकालाला आधार काय होता? तोच, जो भेके याच्या वेळीं होता. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली, अशा उत्तरपत्रिकेला आम्ही अर्धेच गुण देतों.

हा सगळा टपरीवरचा विनोद आहे, कोणाचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. कोलंबियाचा बॅक आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून २२ जून १९९४ रोजीं अमेरिकेविरुद्धच्या सामन्यांत चेंडू स्वतःच्याच गोलांत गेला. आघाडीचा गडी मारूं पाहत असलेला तो चेंडू अडविण्यासाठींच त्यानें पाय घातला होता. न घालता तर कदाचित् कोणाच्या लक्षांतहि न येता. संघ स्पर्धेंतून बाद झाला, आणि २ जुलै रोजीं, मेडेलीन या त्याच्या गांवींच, एस्कोबारला गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. हें टोंक झालें, आणि टपरीपासून तें फार लांब आहे, हें आम्ही जाणतों. पण फळ्यावरची नोंद म्हणजेच माणूस, ही समजूत दोन्ही ठिकाणीं एकच आहे.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा प्रेक्षक आम्हांस या बाबतींत फुटबॉलच्या प्रेक्षकापेक्षां शहाणा वाटतो. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या गांवोगांव फिरतात. रात्रीं पडदा वर जातो तो उजाडेपर्यंत. विनोदी नटाला येथें फार मान. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या सेवेबद्दल. पण अशा नटाच्या समोर गंभीर चेहऱ्यानें उभा राहून त्याला नेमक्या क्षणीं नेमका प्रश्न विचारणारा जो साथीदार असतो, त्याच्यावांचून विनोद उभाच राहत नाहीं. आणि तो साथीदार एखाद्या वर्षीं बदलला, तर मंडपांत सतरंजीवर बसलेला प्रेक्षक 'यंदा रंगत नाहीं' असें म्हणतो, 'नवा वाईट आहे' असें चटकन म्हणत नाहीं. त्याला सारी रात्र पाहावयाची असते, आणि रंगमंच त्याला कडेपर्यंत सबंध दिसत असतो. तेथें कॅमेरा नाहीं.

म्हणून नव्या बॅकला वर्षभर कोणी बोलूंच नये, असा आमचा आग्रह नाहीं. तिकिटाचे पैसे देणाराला ओरडण्याचा हक्क आहे, आणि कांहीं बॅक खरोखरीच वाईट असतात. तीन-चार सामन्यांत दिसण्यासारखें पुष्कळ असतें. पाठीमागें टाकलेल्या चेंडूकडे वळण्यास त्याला फार वेळ लागतो काय; चेंडू अंगावर येतांच तो डोळे मिटतो काय; काल ज्या हुलकावणीनें फसला तिनेंच आज फसतो काय. विशेषतः हें तिसरें. निरनिराळ्या चुका करणारा नवा गडी शिकत असतो. तीच ती चूक करणाऱ्याविषयीं शंका घेण्यास जागा आहे. जें तीन सामन्यांत दिसत नाहीं, तें म्हणजे जोडीदारांशीं त्याचें जुळणें. एका हिवाळ्यांत तें क्वचितच दिसतें. आणि तेंच तर त्याचें खरें काम!

आमच्या इकडील शाळा-महाविद्यालयांत संघ कसे निवडतात हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हा विषय केवळ करमणुकीचा वाटणार नाहीं. जो वेगानें धांवतो तो आघाडीला; जो ओरडून सांगतो तोहि आघाडीला; उरले ते मागें. मागें ठेविलेला मुलगा ती शिक्षा समजतो, आणि दुसऱ्या वर्षीं मैदानावर येत नाहीं. मंदार राव देसाई हा मूळचा डाव्या बगलेवरून चढाई करणारा, आदिल खान मध्यफळींतला. दोघांनाहि पुढें प्रशिक्षकांनीं मागें आणलें, आणि मागें येऊनच ते दोहाच्या त्या रात्रीं उपयोगीं पडले. ही गोष्ट त्या मुलाला कोणीं सांगावी? वर्तमानपत्र सांगणार नाहीं. त्याच्या चार ओळींच्या बातमींत गोल करणाऱ्यांचींच नांवें असतात, आणि गोलच झाले नसले तर सामना 'नीरस' झालेला असतो.

आमच्याशीं या विषयावर नेहमीं वाद घालणारा एक विद्यार्थी आहे. चेंडूकडे पाहावयाचें नाहीं तर मैदानावर पाहावयाचें तरी काय, असें त्यानें चिडून विचारलें, तेव्हां आम्हीं त्याला एवढेंच सांगितलें, कीं पुढच्या सामन्याला कडेला उभें राहावें आणि पंधरा मिनिटें चेंडू कोठेंहि असला तरी एका बॅकवरून नजर हलवूं नये. सामना आपल्याच दोन महाविद्यालयांचा होता, बॅक पहिल्या वर्षाचा, नवाच घेतलेला. मध्यंतराला तो परत आला. हरलेला दिसला नाहीं. थोडा गोंधळलेला मात्र दिसला. म्हणाला, "सर, तो एकसारखा बोलत असतो. चेंडू जवळ नसतो तेव्हांच जास्त."